घोंगडं, तांब्या आणि कणीस

आमच्या घरात नगरातल्या निम्म्याशिम्म्या कुटुंबांचे चेहरे काचेवर उतरून लाकडी पेट्यांमध्ये उभे होते, आणि आक्काचा चेहरा तेवढा नव्हता. नाना, म्हणजे माझे वडील, फोटोग्राफर. आक्का त्यांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेल्यावर तिनं नानांना वाढवलं, पुढे माझी आई गेल्यावर मला वाढवलं, आणि या दोन्ही कामांत तिला स्वतःकडे बघायला काही सवड झाली नाही. तिची मान हलायची. या खांद्याकडून त्या खांद्याकडे, बारीक, अखंड, कुणी काही मागितलंय आणि ती ‘नाही, नाही’ म्हणतेय अशी. वैद्य म्हणाले कंपवात आहे, आणि काढा देऊन मोकळे झाले. हात मात्र अगदी स्थिर. दाराशी नवा भिकारी आला की तिची मान बघून तो पाठ फिरवायचा, मग आक्काला भाकरी घेऊन जिन्यावरून त्याच्यामागे धावत जावं लागायचं. ‘अरं थांब की मुडद्या, देतेय न्हवं!’ सगळ्या आळीत कुणालाच कधी नाही न म्हणणारी बाई ती, आणि मानेनं मात्र जन्मभर नाही म्हणत राहिली.

आम्ही माडीवर राहत होतो आणि खाली विणकरांचे हातमाग होते. सकाळी डोळे उघडायच्या आधीच मला खटक-खट, खटक-खट ऐकू यायचं आणि लाकडी तक्तपोशी अंगाखाली किंचित थरथरायची. आजही कुठे शिवणयंत्र चाललं की मला त्या माडीवर झोपल्यासारखं वाटतं. पुढची खोली स्टुडिओची. तिच्या छपरात उत्तरेकडून काचा बसवलेल्या होत्या आणि त्यांखाली मळकट पांढरे पडदे दोरीवर सरकायचे, त्यामुळे त्या खोलीत दिवसभर ताकासारखा उजेड भरून असायचा. मधोमध तिपाईवर नानांचा मोठा कॅमेरा, भात्याचा, काळ्या कापडाचा, पितळी नळीचा. लहानपणी मला तो घरातला एक म्हाताराच वाटे. नाना त्याच्या तोंडावरचं टोपण काढून हळू आवाजात ‘एक... दोन... तीन’ म्हणत आणि टोपण परत लावत. तेवढा वेळ गिऱ्हाइकानं श्वास धरायचा आणि जमिनीनं हलायचं नाही. म्हणून फोटो काढायचा तो माग थांबतील तेव्हाच. विणकर दुपारी भाकरी खायला उठले की घरात एकदम शांतता पडायची, आणि तीच आमच्या धंद्याची वेळ. नवरा-नवरी, पैलवान, बाळंतिणी जिन्यावर ताटकळत बसायच्या आणि माग थांबायची वाट बघायच्या.

माझं काम हात फिरवण्याचं. काचेवर उतरलेल्या चेहऱ्यावर राळेचं पातळ औषध पुसायचं, पेन्सिलीला काचकागदावर सुईसारखं टोक काढायचं, आणि उतरत्या मेजावर काच ठेवून गिऱ्हाइकाच्या सुरकुत्या, डाग, डोळ्याखालची काळी वर्तुळं ठिपक्या-ठिपक्यानं भरून काढायची. सोळाव्या वर्षी या कामात माझा हात धरणारं नगरात कुणी नव्हतं. हे मी सांगते म्हणून खोटं समजू नका, नानाही सांगायचे. बाजारातली कितीतरी तिरसट माणसं मी गोरीगोमटी आणि सात्त्विक करून भिंतीवर टांगली आहेत. माझ्या आईचा एकच फोटो घरात होता, नानांनी स्वतः हात फिरवलेला. दुधाच्या सायीसारखा चेहरा. मी रोज त्याला नमस्कार करायचे. एकदा भाकरी थापता थापता आक्का सहज म्हणाली, ‘तुज्या आईच्या गालावर देवीचे वण हुते, डाव्या अंगाला. हसली की ते आत जायचे. लई ग्वाड दिसायची.’ मी धावत जाऊन फोटो बघितला. वण नव्हते. हसूही नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि का ते कुणाला सांगताही आलं नाही.

आक्काचा फोटो काढायचा नानांनी तीनदा प्रयत्न केला होता. पहिल्या दोन काचांवर लुगडं आलं, हात आले, लुगड्याचे काठ आले, आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट गोळा आला. तिसऱ्या वेळी त्यांनी जुन्या खुर्चीला लोखंडी आकडा बसवला, मागून मानेला धरणारा. आक्का बिचारी त्यात मान अडकवून बसली. माग थांबले, नानांनी तीन आकडे म्हटले, मी काच धुतली. चेहरा आला खरा, पण नानांनी तो बघितला आणि काच उलटी ठेवून दिली. त्या काळी घरात कुणी गेलं की फोटोग्राफरला बोलवायची पद्धत होती. भिंतीला टेकवून, टोपी घालून, हार घालून माणसाचा पहिला आणि शेवटचा फोटो निघायचा. नानांनी असे पुष्कळ काढले होते. आक्काचा चेहरा तसा आला होता. ती काही वेडी नव्हती, तिला कळलं. नानांना म्हणाली, ‘दत्तू, कशापायी काचा नासतोस? मी मेल्यावर काढ. तवा हलायची न्हाई.’ नानांनी आकडा काढून अडगळीत टाकला, आणि त्यानंतर आक्काला पडसं जरी झालं तरी ते रात्रभर कूस बदलत. त्यांना कशाची धास्ती होती ते मला माहीत होतं. आक्का जाईल, आणि मग लोक म्हणतील, नाना, कॅमेरा आणा.

रविवारी आमच्याकडे शौकिनांची मंडळी जमायची. त्यांत म्होरके वकीलसाहेब. त्यांचा स्वतःचा मोठा कॅमेरा होता, तो उचलायला गडी होता, आणि काढलेल्या फोटोंपेक्षा न काढलेल्या फोटोंवर ते जास्त बोलायचे. चहा आणि आक्काचं थालीपीठ खाऊन ते कागदाची, औषधाची, भिंगाची चिकित्सा करत. खालच्या आळीतले चाँदभाई घड्याळजीही यायचे, पण ते मागे बसत आणि फारसं बोलत नसत. लढाई संपून कॅम्पातले गोरे साहेब आपापला बाडबिस्तरा आवरत होते तेव्हाची गोष्ट. एका साहेबाचं घड्याळ चाँदभाईंनी जिवंत केलं होतं. जाताना त्यानं खूश होऊन त्यांना आपला कॅमेरा दिला आणि वर एक रोल. तो कॅमेरा चाँदभाईंनी रविवारी रुमालात बांधून आणला. गाठ सोडली आणि तळहातावर ठेवला तर तळहात पुरून उरला.

‘हा कॅमेरा आहे की तपकिरीची डबी?’ वकीलसाहेब म्हणाले. मंडळी हसली. ‘चाँदभाई, एवढ्याशा खोक्यात उजेड तरी किती मावणार? काच नाही, भाता नाही, तिपाई नाही. लहान मुलाला खेळायला द्या.’

‘साहेब, मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्यापेक्षा कमी वाजवतं का?’ चाँदभाई हळूच म्हणाले. ‘मला फोटोतलं कळत नाही. पुर्जे मात्र कळतात. याच्या आतला पडदा पापणी लवायच्या आत उघडून मिटतो, ते काम बघितलं आणि झोप उडाली माझी. नानासाहेब, तुम्ही पारख करा. तुम्ही चांगला म्हणाला तर ठेवीन. वाईट म्हणाला तरी रागावणार नाही. पण पारख करून म्हणा.’

नानांची पारख ठरलेली होती. नवं भिंग येवो, नवा कागद येवो, त्याला तीन साक्षीदारांपुढे उभं राहावं लागे. एका स्टुलावर काळं घोंगडं पसरायचं, त्यावर घासलेला पितळेचा तांब्या, आणि तांब्याला टेकून बाजरीचं कणीस. घोंगड्याचा केस न् केस दिसला पाहिजे, तांब्याची चकाकी फुटता कामा नये, कणसाचे दाणे मोजता आले पाहिजेत. यात नापास झालेल्या वस्तूंना नानांनी भल्याभल्यांची शिफारस असली तरी दारात उभं केलं नव्हतं. त्यांनी छोट्या कॅमेऱ्यानं साक्षीदारांचे चार फोटो घेतले, तेही माग थांबायची वाट बघून. मग कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘कुसुम, यात छत्तीस मावतात म्हणे. रोल संपल्याशिवाय धुता येणार नाही. कशावरही संपव.’

कशावरही! काचेला पैशाची किंमत असते म्हणून एकेक मोजूनमापून वापरणाऱ्या घरात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला त्या डबीबद्दल आदर नव्हताच, उलट रागच होता. एवढ्याशा पट्टीवर चेहरा हरभऱ्याएवढा येणार, त्यावर मी पेन्सिल कुठे टेकवणार? उद्या सगळे असलेच कॅमेरे वापरू लागले तर माझा हात कुणाला हवा होता? म्हणून मी ते फोटो अगदी उधळून टाकले. मांजर काढलं, जिना काढला, खाली जाऊन मागावरचा धोटा काढला. मग मागच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छपरावर, गेले. तिथे उघड्यावर आक्काची चूल. सकाळचं कोवळं ऊन तिच्या पाठीवर पडलं होतं आणि ती हुलग्याची शेंगोळी वळत होती. शेंगोळी म्हणजे लसूण-मिरची घालून मळलेलं हुलग्याचं पीठ तळहातावर बोटानं लांब वळायचं, कडं करायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. नगरकडे थंडीत हे जेवण असलं की दुसरं काही लागत नाही. लसणाचा वास पार जिन्यापर्यंत गेला होता. आक्का मान हलवत, स्वतःशी काही गुणगुणत वळत होती. मी डबी डोळ्याला लावली आणि दाबत सुटले.

‘काय करतीस गं?’

‘रोल संपवतेय.’

‘संपव बाई. मी काय, हलतेच हाय.’ आणि ती मोठ्यानं हसली. माग खाली चालूच होते.

रोल नानांनी काळोखात धुतला, वाळवला, आणि मग त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. काच कागदावर ठेवून दाबायची आणि उजेड द्यायचा, काच जेवढी तेवढा फोटो, हाच आमचा रिवाज. तशी ती पट्टी कागदावर दाबली. पुढच्या रविवारी मंडळींच्या हातात साक्षीदारांचा फोटो आला तो पोस्टाच्या तिकिटाएवढा. काही क्षण कुणालाच काय बघायचं ते कळेना. मग वकीलसाहेबांनी तो जिभेला लावून पाकिटावर चिकटवायचा आव आणला आणि हशाला पूर आला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. आज चहा यायच्या आत माझा नातू मोबाईलवर माझे वीस फोटो काढतो, आणि मोबाईल न सांगता माझ्या सुरकुत्यांवर हात फिरवून टाकतो, तेव्हा मला ते हसू आठवतं आणि स्वतःचीच लाज वाटते.

चाँदभाई हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. थालीपीठ वाढायला आलेली आक्का दारात थांबून म्हणाली, ‘नावडतीचं मीठ अळनी. खाऊन तर बघा आधी!’ चाँदभाईंनी खिशातून घड्याळजी डोळ्यात बसवतात ते भिंग काढलं, डोळ्यात धरलं, आणि खिडकीशी टांगलेली पट्टी उचलून उजेडासमोर धरली. एकेक चौकट सरकवत गेले. मांजर गेलं, जिना गेला. मग ते थांबले.

‘नानासाहेब,’ ते म्हणाले, ‘ही तर आक्का आहे.’

नानांनी ते भिंग डोळ्यात धरलं. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसणाऱ्या त्या पट्टीतून खरा चेहरा वाचायची त्यांना सवय होती. ते खिडकीशी पाठमोरे उभे होते. खाली माग चालत राहिले, आणि नानांचा एक हात मागे येऊन नुसताच काहीतरी शोधू लागला. मी पुढे होऊन तो धरला.

‘मी माझ्या मापानं मोजत होतो,’ ते म्हणाले. ‘पारख झालीच नाही. पुढच्या रविवारी या सगळे.’

त्या आठवड्यात मी एक वेडेपणा केला. हौसच म्हणा. आक्काचा फोटो चांगला यावा म्हणून मी भिंगाखाली पट्टी ठेवून, श्वास रोखून, तिच्या सुरकुत्यांवर दोन ठिपके दिले. फक्त दोन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. फोटो मोठा करून छापायला नानांनी मोठ्या कॅमेऱ्याची पाठ खिडकीच्या फळीला ठेवलेल्या भोकाशी लावली, काचेच्या जागी ती पट्टी बसवली, बाहेरचं ऊन पट्टीतून, भात्यातून, पितळी नळीतून अंधाऱ्या खोलीत घेतलं आणि समोरच्या भिंतीवर कागद टाचला. म्हाताऱ्यानंच धाकट्याला खांद्यावर घेतलं म्हणायचं. एका फोटोला दोन-तीन मिनिटं लागणार होती, म्हणून नाना स्वतः खाली जाऊन विणकरांना थांबायची विनंती करून आले. पहिला मान साक्षीदारांचा. तो कागद धुऊन झाल्यावर त्यांनी आक्काची चौकट लावली. लाल दिव्याखाली औषधाच्या पाण्यात कागद हलवता हलवता चेहरा वर आला, आणि गालावर करवंदाएवढे दोन पांढरे डाग.

‘नाना, ते मी केलं,’ मी म्हणाले आणि रडायला लागले. काच फुटली तरी तीन दिवस न बोलणारे नाना म्हणाले, ‘रडू नकोस. अजून दहा आहेत.’

मग त्यांनी दुसरी चौकट लावली. भिंतीवर आधी उलटी आक्का उमटली, काळं लुगडं, काळे दात, पांढरं तोंड. नाना मोजत होते, ‘एक... दोन...’ घरभर दुपार होती. कागद औषधात पडला. आधी कपाळावरचे केस आले, मग हातातलं शेंगोळीचं कडं, मग हसणारं तोंड, आणि सगळ्या सुरकुत्या, एकही न हरवता. मान उजवीकडे झुकली होती. ती तिथून डावीकडे निघणार आहे हे स्पष्ट दिसत होतं, आणि तरीही डोळ्याची पापणी न् पापणी मोजता येत होती. गालाला पीठ लागलं होतं. मला माझ्या आईच्या गालावरचे वण आठवले, आणि मी पेन्सिलीला त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले.

आक्काला फोटो दाखवला तर ती आधी म्हणाली, ‘ही कोन? माजी आईच की ही.’ मग जवळ घेऊन बघत राहिली. ‘सुरकुत्या तशाच ठिवल्या व्हय रे? आन् पीठ? पुसायला सांगायचं न्हाई का...’ तिची मान नाही-नाही हलत होती आणि ओठ म्हणत होते, ‘व्हय. मीच हाय. मीच हाय की.’

रविवारी नानांनी दोन्ही फोटो मंडळींपुढे मांडले. वकीलसाहेबांनी साक्षीदार उचलले, खिडकीशी नेले, आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘बघा! घोंगड्याचा केस दिसत नाही. नुसता काळा गठ्ठा. कणसाचे दाणे पुसट. नाना, निकाल लागला.’

‘लागला,’ नाना म्हणाले. ‘घोंगड्यात नापास. कणसात काठावर. तांब्यात पास. हे मी लपवणार नाही, चाँदभाई. घोंगडं काढायचं तर माझाच कॅमेरा हवा.’

‘मग झालं तर!’

‘पण माझा कॅमेरा तीस वर्षं घरात आहे, वकीलसाहेब, आणि त्यात घोंगडं दिसतं, आक्का दिसत नाही.’ त्यांनी दुसरा फोटो पुढे सरकवला. ‘साक्षीदार चुकीचे होते माझे. तिघंही न हलणारे.’

वकीलसाहेबांनी फोटो बघितला. हात फिरवला नाही, बैठक नाही, पीठ तसंच, असं काहीसं पुटपुटले. मग त्यांनी दाराकडे बघितलं. तिथे आक्का थालीपिठाची ताटली घेऊन उभी होती, मान हलवत. त्यांनी परत फोटोकडे बघितलं, परत आक्काकडे. ‘मूर्ती लहान आहे खरी,’ ते म्हणाले आणि थालीपीठ मागून घेतलं. एवढ्या मोठ्या वकिलानं यापेक्षा जास्त हार कबूल करावी अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. चाँदभाईंनी कॅमेरा रुमालात बांधला, आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आले. म्हणाले, ‘घड्याळाच्या दुकानात हा काय करणार? मुलीच्या हाताला बसलाय.’ तो मग माझ्याकडेच राहिला. पुढे मी तो घेऊन घरोघर गेले, कुठे उभी न राहणारी पोरं, कुठे स्टुडिओचा जिना न चढणाऱ्या बायका. हात फिरवायचं काम हळूहळू बंद पडलं, आणि मला वाटलं होतं तितकं दुःख झालं नाही.

आक्का त्यानंतर तीन हिवाळे होती. शेवटच्या थंडीत गेली, पहाटे, झोपेत. तिला बाहेर आणून भिंतीला टेकवलं तेव्हा मी पहिल्यांदाच तिची मान थांबलेली बघितली आणि मला ती ओळखू आली नाही. बायकांनी हार घातला, खालचे माग बंद होते, आणि शेजारचं कुणीतरी रीतीप्रमाणे म्हणालं, ‘नाना, कॅमेरा आणा. आता हलायच्या नाहीत.’

नाना उठले. स्टुडिओत गेले. सगळ्यांनी वाट करून दिली. ते परत आले तेव्हा हातात कॅमेरा नव्हता, धाब्यावरचा तो फोटो होता. त्यांनी तो आक्काच्या शेजारी ठेवला आणि म्हणाले, ‘आमच्याकडे आहे.’